पहिलं पान कोणाच्या हाती

दौलतभाऊ, तुझ्या तेरवीला दोन्ही कंपन्यांची माणसं एकाच जीपमधून आली. हॅटवाला साहेब पुढे बसलेला, जीपवाला शेठ मागे. उतरताना साहेबानं शेठला हात दिला, आणि शेठनं साहेबाच्या कोटावरची धूळ झटकली. मी पंगतीत भात वाढत होते. पातेलं हातात तसंच धरून उभी राहिले. फाल्गुनात चांद्याच्या लिलावात एकमेकांच्या नरडीवर बसलेली ही दोन माणसं आपल्या अंगणात मांडीला मांडी लावून बसली, आणि एकाच लोट्यातलं पाणी प्याली.

शेठ म्हणाला, "दोनो कंपनी अब एक हो गई, बहनजी. नागपूर में फैसला हो गया. आखिर झगडे में किसी का फायदा नहीं."

कोणाचाच फायदा नाही, असं तो तुझ्या पाटासमोर बसून म्हणाला. ते उकळतं पातेलं त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं मला. घातलं नाही. तेरवीचा भात होता, आणि नदीपलीकडून माणसं जेवायला आली होती.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. घराण्यात आता मीच उरले, म्हणजे पुढच्या वैशाखात मरकेटोल्याचा गायता, म्हणजे तिथला पुजारी, तेंदूचं पहिलं पान माझ्याच हातात देणार ना, असं साहेबानं विचारलं. तो हात कंपनीला पाहिजे. किंमत मी सांगायची. पांढऱ्या केसांच्या विधवेचा हात मागायला दोन-दोन नवरदेव आले होते, भाऊ. तू असतास तर हसून हसून खोकला लागला असता तुला. सकाळी उत्तर न्यायला येतो म्हणून ते गेले. चहाला नाही म्हणाले, तेवढं बरं केलं.

तुला सगळं माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण माझाच त्यावर विश्वास बसत नाही. लिहायला बसले की चांद्याच्या शाळेची भाषा येते, तुझ्याशी भांडायला लागले की आपली येते. दोन्ही चालवून घे.

बाबांना त्या देवीच्या साथीत मरकेटोल्याला कोणी पाठवलं नव्हतं. विडीसाठी तेंदूची पानं घ्यायला गेले होते, आणि गाव आजारी पडलं. बाकीचे व्यापारी बैल जुंपून नदीच्या अलीकडे पळाले. बाबा राहिले. पाणी भरलं, मेलेल्यांना माती दिली, जगलेल्यांना पेज पाजली. परत आले तेव्हा आईनं त्यांना दारातच अंघोळ घातली आणि मग बेदम भांडली. त्या वर्षापासून, पानांचा पंडुम झाला की गावचा गायता झाडाचं पहिलं पान तोडून बाबांच्या हातावर ठेवायचा. पंडुम म्हणजे नवं पीक देवाला दाखवायचा सण. तो झाल्याशिवाय तिथं कोणी आंबा खात नाही, मोहाला हात लावत नाही, तेंदूचं पानही तोडत नाही. मरकेटोल्याचं बघून आजूबाजूची सगळी गावं पान तोडायची. आपलं घर चाललं ते एवढ्यावर. कागदावर काही नव्हतं.

पण त्या पानाला एक अट होती. ज्यानं पहिलं पान घेतलं, त्यानं शेवटचं पुडकं उचलायचं. लोकांनी तोडून, बांधून फळीवर, म्हणजे पान मोजून घ्यायच्या जागेवर, आणलेलं एक पुडकंसुद्धा तिथं उन्हात सडत राहता कामा नये. पान चांगलं असो की भोकाचं, व्यापाऱ्याला गरज असो की नसो. बाबा म्हणायचे, पान हलकं आहे, पण हात दुखतो.

मालगुजारी होती तोवर हे चाललं. मालगुजार बाबांना ओळखायचा, जंगल आपल्याला मिळायचं. मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं आणि दरवर्षी चांद्याला लिलाव सुरू झाला. तरी आपले इकडचे ठेकेदार एक रीत पाळायचे. माघात ज्यानं झाडांची छाटणी केली, त्याच्या जंगलावर दुसऱ्यानं बोली लावायची नाही. छाटणी केली तरच कोवळी पानं फुटतात, आणि त्यात महिनाभर माणसं राबतात. दुसऱ्याच्या राबण्यावर बोली लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. या रीतीवर तू विसंबून राहिलास. मी तेव्हाच म्हटलं होतं, "भाऊ, बाहेरचे लोक येऊन राह्यले यंदा. त्याइले तुमची रीत काय माहीत?"

"रीत माहीत नसन तं सांगू ना," तू म्हणालास. "माणसंच हायेत."

माणसंच होती. तू सांगितलंसही. लिलावाच्या दिवशी, झाडाखाली, हॅटवाल्याजवळ जाऊन नम्रपणे सांगितलंस की त्या जंगलाची छाटणी आम्ही केली आहे. त्यानं वाकून ऐकलं आणि तुझे आभार मानले. बोली सुरू झाली तेव्हा त्यानं पहिला हात त्याच जंगलावर वर केला. छाटलेलं जंगल म्हणजे तयार जंगल, हे तूच त्याला जाऊन शिकवलंस. अरे बाप्पा! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आपले सगळे ठेकेदार खाली मान घालून बसले होते. बोलणारे तिघंच, तू, हॅटवाला आणि जीपवाला. नंतर तुझा आवाज बारीक होत गेला. त्या दोघांना जंगलाशी देणंघेणं नव्हतं. एकाला दुसऱ्याची विडी बुडवायची होती, म्हणून दुसऱ्याला पान मिळू द्यायचं नव्हतं. इतक्या भावानं घेतलेल्या पानातून कोणालाही काही सुटणार नव्हतं, हे तिथल्या चहावाल्यालाही कळत होतं. मी तुझ्या मागे उभी होते, त्या गर्दीत बाईमाणूस मी एकटीच. तुझा सदरा ओढून म्हटलं, अजून एकदा बोल. तू वळून पाहिलंस आणि बसलास. जंगल हॅटवाल्याकडे गेलं.

यावरून आपण गोंडपिपरीपर्यंत भांडत आलो. मी म्हटलं, अजून एक बोली लावली असती तर हॅटवाला हटला असता. तू म्हणालास, "हटला असता तं आपुन मेलो असतो. तेवढ्या भावाचं पान घेऊन लोकाइच्या मजुरीतून कापा लागलं असतं." मी म्हटलं, सगळ्या दुनियेचा हिशेब तुझ्याच डोक्यावर काऊन? तू बैलांना हाकायला लागलास. मला अजूनही वाटतं, एक बोली लावायला पाहिजे होती. तुला काय वाटतं ते मला माहीत आहे. चल, पुढे.

मग वसंता. आपला सख्खा चुलतभाऊ, दुकानाचा तिसरा भागीदार, चांद्याला राहून आपल्या विश्वासावर वरण-भात खाणारा. त्यानं त्याचा भाग हॅटवाल्याला विकला, आणि आपल्याला कळलं ते हॅटवाल्याच्या मुन्शीनं आपल्याच गोदामाची किल्ली मागितली तेव्हा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. मी चांद्याला जाऊन त्याची खरडपट्टी काढायला निघाले होते. तू म्हणालास, "जाऊ दे बाई, त्याच्या पोरी लग्नाच्या हायेत." तुझ्याजवळ प्रत्येकासाठी एक कारण तयार असायचं. माझ्यासाठी कधी शोधलं होतंस का रे?

हॅटवाल्यानं अक्षय तृतीयेला फळी उघडली. लक्ष्मीची तसबीर, झेंडूचे हार, नारळ, पेढे. आसपासच्या गावांतून झाडून सगळी माणसं आली, हात जोडले, पेढे खाल्ले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी एकही पुडकं आलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्यानं भाव वाढवला. दवंडी दिली. मुन्शी गावोगाव हिंडला, लोक त्याला पाणी द्यायचे, खाट टाकून द्यायचे, आणि विषय काढला की म्हणायचे, "पंडुम नाई झाला, साहेब." साहेबाला वाटलं, पूजेत काही कमी राहिलं, म्हणून त्यानं आणखी मोठी पूजा केली. पुन्हा पेढे संपले. तू आणि मी ओसरीवर बसून हे ऐकायचो आणि पोट धरधरून हसायचो. वहिनी गेल्यापासून तू असा हसला नव्हतास. ते चार दिवस मला आठवायला आवडतात.

कोणीतरी शेवटी त्याला खरं सांगितलं, की गायत्याचं पहिलं पान तुझ्या हातावर पडल्याशिवाय कोणी पान तोडणार नाही. मग आपल्या घरावरच लिलाव लागला.

हॅटवाला सकाळी यायचा, जीपवाला दुपारी. हॅटवाल्याला तू पाहिजे होतास, म्हणजे पंडुमाला बसून पान घेणारा तुझा हात. जीपवाल्याला तू घरी बसायला पाहिजे होतास. काहीच करू नको, एवढंच त्याचं म्हणणं. पान झाडावर जून होऊ दे, हॅटवाल्यानं ओतलेला पैसा मातीत जाऊ दे, पुढच्या लिलावात तो दिसणार नाही. एकानं जे देऊ केलं त्यावर दुसरा चढवायचा. चांद्याच्या लिलावात निदान झाडं तरी होती. इथं आपल्या ओसरीवर एका माणसाच्या जाण्या-न जाण्यावर बोली चालली होती, आणि तो माणूस कोपऱ्यात बसून सुताचा पीळ मोडत होता.

मी जीपवाल्याच्या बाजूनं होते. लपवून ठेवलं नव्हतं, आताही लपवत नाही. पैसा नको घेऊ म्हटलं, पण घरी बस. एक वर्ष पान जळू दे. हॅटवाला तोंड काळं करून जाईल, जंगल परत आपल्याकडे येईल, बाबांचं नाव आपल्याकडे राहील. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी, असं जगणं मला नको होतं. तू म्हणालास, "अन् लोकं काय खातीन?"

"एक वरीस, भाऊ. एकच."

"त्याइच्या घरी मीठ, कपडा, बियाणं सारं पानावर येते, बाई. पावसाळ्यात एक वरीस म्हंजे काय होते, तुले ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, लोकांचा ठेका आपण घेतला आहे का? तू उठून गोठ्याकडे गेलास. भांडण अर्धं टाकून बैलांना पेंड घालायला जायची तुझी ती सवय! मी तुझ्या पाठीवर ओरडले, "बैल नाई बोलत, म्हणून तुले आवडतात!" तू वळलासुद्धा नाहीस.

पंडुमाला मी आले. मला बघायचं होतं तू काय करतोस. मरकेटोल्याच्या बाहेर, देवाच्या झाडाखाली सगळं गाव बसलं होतं. लालसू गायता पूर्वीपेक्षा वाकलेला. त्याच्या बापानं आपल्या बाबांच्या हातावर पान ठेवलं होतं, तेव्हा हा बाजूला ढोल धरून बसायचा. हॅटवाला खुर्ची घेऊन आला होता, ती उतारावर धड बसेना. लालसूनं कोंबडं दिलं, भात ठेवला, झाडाशी जाऊन एक पान तोडलं आणि तुझ्या हातावर ठेवलं. तू ते कपाळाला लावलंस. मग सगळ्यांसमोर चालत गेलास आणि हॅटवाल्याच्या हातात दिलंस.

साहेबानं पान उलटंपालटं करून पाहिलं, काय करायचं कळेना, म्हणून ड्रायव्हरकडे दिलं. ड्रायव्हरनं ते मोटारीच्या टपावर ठेवलं.

तू लालसूला म्हणालास, "दादा, आता पान साहेबाजवळ हाय. पहिलं त्याइनं घेतलं, शेवटचं पुडकं त्याइनंच उचलायचं."

लालसू बोलला. "पान तू दिलं, दादा. बोल कसा देशीन? बोल तं तुझ्याच हातावर ठेवला मी."

तिथं तू फसलास, भाऊ. तुला वाटलं, पान दुसऱ्याच्या हातात दिलं की अटही त्याच्याकडे गेली. दुकान विकतात तसं. इतकी वर्षं त्या लोकांत राहून तुला एवढं कळलं नाही, की तुला कळलं होतं आणि तरी तू ते केलंस? हे विचारायचं राहून गेलं. येताना मी तुझ्याशी बोलले नाही. डोंग्यात तुझ्याकडे पाठ करून बसले. धिवरांचा म्हातारा वल्हं मारता मारता म्हणाला, "भाऊ-बहीण भांडले का काय?" तू म्हणालास, "नाई जी, थे ऊन लागून राह्यलं म्हणून पदर घेतला तिनं." माझ्यासाठी एक कारण शोधलंस म्हणायचं त्या दिवशी. आत्ता लिहिताना हे माझ्या लक्षात आलं.

पान तोडायला सुरुवात झाली. पहाटे बायका जंगलात, दुपारी घरोघरी पुडकी बांधायला म्हातारी-कोतारी, उन्हं उतरली की फळीवर रांग. आणि तू, ना भागीदार ना नोकर, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर. कंपनीचा चेकर लोकांची पुडकी लाथेनं बाजूला सारायचा, हे लहान, हे फाटकं, हे ओलं. तू ती उचलून परत रांगेत लावायचास. चेकर ओरडायचा, तू हात जोडायचास. हे मला गावातल्या लोकांनी सांगितलं. माझ्याजवळ तू फक्त एवढं म्हणायचास, "बरं चाललं." घरी आलास की सदरा पिळून मीठ निघायचं. मी ताट वाढायचे आणि बोलायचे नाही. अबोला मी सुरू केला होता, आणि तो कसा मोडायचा ते मला समजत नव्हतं. तू मोडला असतास तर मी लगेच बोलले असते, हे तुला माहीत होतं. मग काऊन नाही मोडलास?

वैशाख संपता संपता कंपनीला पुरेसं पान मिळालं. नंतर कळलं, तेव्हाच नागपुरात दोघांची बोलणी लागली होती. एक झाल्यावर दोघांचं मिळून पान जास्तच होणार, म्हणून वरून हुकूम आला. सकाळी मरकेटोल्याच्या फळीवर मुन्शी नव्हता, चेकर नव्हता, ट्रक नव्हता. आदल्या दिवसाची पुडकी उन्हात ओळीनं पडलेली, आणि त्या दिवशी तोडलेली डोक्यावर घेऊन बायका उभ्या. जे व्हायला नको म्हणून तू माझ्याशी, स्वतःशी, बाबांच्या नावाशी भांडलास, ते झालंच. हॅटवाल्याचं दिवाळं निघालं नाही, आपलं जंगल परत आलं नाही, आणि पान तर सडलंच. गाढवही गेलं अन् ब्रह्मचर्यही गेलं.

त्या दिवशी तू दोन्ही बैल जुंपलेस. मी विचारलं, "कुठी?" अबोला मी मोडला, बघ. तू म्हणालास, "शेवटचं पुडकं उचलाचं राह्यलं."

"तुझं हाय का थे?"

"माझ्या हातावर ठेवलं होतं ना."

एवढंच आपलं शेवटचं बोलणं. त्या उन्हात कोंबडीही घराबाहेर निघत नव्हती. मी कांदा आणि पाण्याचा भोपळा गाडीत ठेवला. भांडायला पाहिजे होतं. गाडीसमोर आडवं पडायला पाहिजे होतं. पण तुझा चेहरा असा होता की माझं तोंड उघडलं नाही.

लालसूच्या सुनेनं सांगितलं मला. तू दिवसभर पुडकी गाडीत भरलीस. लोक म्हणाले, कुठं नेतोस, कोण घेणार आहे? तू म्हणालास, आपल्या गोदामात ठेवतो, पुढचं पुढं. गोदामाची किल्ली आता आपल्याकडे नव्हती, हे तू विसरला होतास की काय कोण जाणे. लोकही मग भरू लागले. फळी साफ झाली. एकही पुडकं उरलं नाही, तू स्वतः फिरून पाहिलंस. मग गाडीच्या चाकाला टेकून बसलास, पाणी मागितलंस, आणि पाणी येईतो आडवा झालास. उन्हानं नेलं. लोकांनी अंगावर ओली कांबळी टाकली, कांद्याचा रस पायाला चोळला. ज्या गावात बाबांनी मेलेल्यांना माती दिली, त्या गावात तुझं डोकं लालसूच्या मांडीवर होतं.

गाडी न्यायचा उतार दूर होता, म्हणून धिवरांनी दोन डोंगे एकत्र बांधून तुला नदीपार आणलं. ती पुडकी तशीच गाडीत भरलेली होती. बैलांना कोणी सोडलं नव्हतं, ते पलीकडच्या काठावर उभे होते.

हे सगळं झालं, आणि तुझी तेरवी जेवायला ते दोघे एका जीपमधून आले. म्हणून मी तुला पहिल्यापासून सांगत बसले.

ते गेल्यावर पंगती उठल्या, भांडी घासून झाली. लालसू बाहेर लिंबाखाली थांबला होता. त्याला माझ्याशी बोलायचं होतं. त्यानं कमरेच्या पटक्यातून तेंदूचं एक पान काढलं. आता जून झालेलं, कडक. पान घेणारा माणूस मेला की तेरवीला विचारावं लागतं, म्हणाला, पुढचा हात कोणाचा. घरानं सांगायचं. घरानं हात पुढे केला की गाव बांधलं जातं. "बाई, तू हात कर," तो म्हणाला.

भाऊ, मी तुला खरं सांगते. पहिल्यांदा मला आनंद झाला. दोन कंपन्या एक होऊनही ज्याच्यासाठी माझ्या दारात आल्या, ते या म्हाताऱ्याच्या पटक्यात होतं, आणि मी फक्त तळवा उघडायचा होता. मी साहेबाला नाचवू शकत होते. दुकान परत मागू शकत होते, गोदाम, फळ्या, बाबांची पाटी, सगळं. वसंताला दारात उभं करू शकत होते. माझा हात खरोखर थोडा पुढे गेला.

मग मला ती पुडकी दिसली, गाडीत भरलेली.

मी म्हटलं, "नाही, लालसूदादा. आमच्या घरातून आता हात नाही. पान तुमच्याच हातात ठेवा. कंपनी आली तर म्हणा, पंडुमाला येऊन बस, आमच्याशी बोल, शेवटचं पुडकं उचलायला माणूस इथंच ठेव, तो आमच्या डोळ्यांसमोर राहील. नाही म्हणाली तर पान झाडावर राहू द्या."

मग त्यानं तेच विचारलं. "अन् लोकं काय खातीन, बाई?"

तुझेच शब्द, भाऊ. मला रडू फुटलं. तेरा दिवस लोकांसमोर मी टिपूस काढलं नव्हतं, ते त्या झाडाखाली, परक्या म्हाताऱ्यासमोर सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "मला नाही माहीत. दौलतला माहीत होतं. तो नाही आता."

लालसूनं माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत हळूहळू बोलला. त्याचं मराठी तुटक तुटक. "दौलतदादाले आमीच विचारलं होतं. पंडुमाच्या आंधी आलतो मी, तू घरी नव्हती. लोकं काय खातीन, असं विचारलं. थो सवाल आमचा होता. आमी त्याच्या गळ्यात टाकला." मग म्हणाला, "तुले नाई विचारत आता."

मला हे ठाऊक नव्हतं, भाऊ. तू सांगितलं नाहीस. मी तुला इतकं टाकून बोलले, जगाचा ठेका घेतला म्हटलं, आणि तू म्हणाला नाहीस की लालसू येऊन गेला.

त्यानं ते जून पान स्वतःच्या तळव्यावर ठेवलं, मूठ मिटली आणि उठला. त्याला उठायला हात द्यावा लागला मला. डोंग्यापर्यंत पोचवायला गेले तेव्हा तो घाबरलेला दिसत होता. मीसुद्धा घाबरले आहे. पुढच्या पावसाळ्यात त्या गावांत काय होईल ते मला सांगता येत नाही. कदाचित माझ्यामुळे तिथं चूल पेटणार नाही.

सकाळी जीप आली. साहेबानं हॅट काढली. मी म्हटलं, पहिलं पान आता गावाजवळ आहे, नदी ओलांडा आणि त्यांच्याशी बोला. शेठ हसला. त्याला वाटलं, मी भाव वाढवते आहे. त्यानं बोली वाढवली, मग साहेबानं वाढवली, एकाच कंपनीचे दोघे माझ्या ओसरीवर एकमेकांवर चढवू लागले, सवयच ती. मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तेव्हा कुठे शेठचं हसू गेलं.

"तो फिर आपके पास है क्या, बहनजी?"

"कुछ नहीं," मी म्हटलं.

ते गेले. बाबांनी उभं केलेलं घर मी एका शब्दात संपवलं, भाऊ. तू असतास तर म्हणाला असतास, लोकांना असं एकटं सोडतात का, आणि आपण कडाक्याचे भांडलो असतो. मी तुला एकदाही मधे तोडलं नसतं. बोल ना रे. सगळं ऐकून घेते.